भुशातली अक्षरं

प्रिय ताई,

आज करवत बाजूला ठेवून पेन धरलंय. आनंदच तसा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाची ती छोटी सरकारी शाळा आठवते? मागे आलीस तेव्हा "ही शाळा आहे की गोदाम?" म्हणाली होतीस. आता येऊन बघ! झालं असं, की पहिलीच्या बाई बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी येईना. वरून निरोप आला, महिनाअखेरपर्यंत शिक्षक मिळाला नाही तर पहिलीचा वर्ग हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत हलवणार. तो रस्ता ओलांडताना माझी त्रेधा उडते, तिथे ती एवढीएवढीशी पोरं! आणि आज पहिली गेली तर पुढच्या वर्षी दुसरी कुठून येणार? शाळा मुळापासूनच वाळायची.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, सगळ्या गल्लीला बोलावलं. इस्त्रीवाल्याने आधीच सांगून टाकलं, "वर्गणी मागू नका बाई, खिसा इस्त्री मारल्यासारखा सपाट आहे." बाई हसून म्हणाल्या, "वर्गणी नको, हात द्या. येणारा शिक्षक पळून जाणार नाही, अशी तरी शाळा करू." झालं! दर रविवारी ज्याला जे येतं ते त्याने करायचं. नळवाल्याने गळके नळ बदलले, शिंपीणबाईंनी पडदे शिवले. मी बाकांचे पाय कापून छोट्यांच्या मापाचे केले. इतकी वर्षं त्यांचे पाय अधांतरी लोंबत होते गं. मन तरी जमिनीवर कसं टेकणार?

खरी गंमत पुढेच. रंगारी आणि त्याचे मेहुणे असे पेटले, की एका रविवारात पहिलीचा वर्ग पिवळाधमक. सोमवारी मोठ्या बाई आत गेल्या आणि फळा शोधत राहिल्या. भिंतीतच लिंपलेला सिमेंटचा फळा, झिजून भिंतीसारखाच पांढुरका झालेला. गड्यांनी तोही रंगवून टाकला! रंगारी म्हणतो, "मला वाटलं, भिंतीला ओल आलीय." त्यावर त्याची बायको, "शाळेत कधी फळ्याकडे बघितलं असतंस तर ओळखला असतास!" आता रंग खरवडून, पुन्हा काळा देऊन, वाळेपर्यंत आठवडा जाणार. तोवर पोरांना अक्षरं दाखवायची कशावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे हात जोडले आणि मिटल्या डोळ्यांपुढे तू आलीस. बाबांच्या करवतीखालचा भुसा पाटावर पसरून, माझं बोट धरून अक्षर काढणारी. मी लगेच उथळ ट्रे ठोकले, भुसा चाळून भरला आणि शाळेत नेऊन ठेवले. ताई, पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला! चुकलं की तळहात फिरवायचा, पुन्हा सगळं कोरं. पाटीला कधी हात न लावणारी एक चिमुरडी 'आई' काढून बाकाभोवती नाचली. फळा वाळला, तरी आता कुणी ट्रे सोडायला तयार नाही. तू ठेवलेलं माझं नाव तुझ्या भावजयीने तिथेही फोडलंय, पोरं मला बघितलं की "ठोक्याकाका, भुसा!" म्हणून ओरडतात.

मोठ्या बाईंनी विचारलं, "हे डोकं कुणाचं?" म्हटलं, माझ्या ताईचं, जन्मभर पहिलीलाच शिकवलंय तिने. त्या तडक शिक्षणखात्याच्या कार्यालयात गेल्या. निवृत्त शिक्षिका चालेल, असं आज उत्तर आलंय! भावोजी गेल्यापासून मी कितीदा बोलावलं, आणि दर वेळी तू म्हणालीस, "भावाच्या घरी बसून खायला येऊ का?" तर आता बसायला बोलावतच नाही. मला भुसा भरता येतो. बोट धरणारी तूच लागशील. महिना संपायच्या आत ये. तुझ्यासाठी खुर्ची केलीय, पोरांच्या डोळ्यांना डोळा भिडेल अशी. तुझ्याइतकं बुटकं या शाळेत दुसरं कुणी मोठं माणूस नाही, तेव्हा तू आली नाहीस तर ती खुर्ची वाया जाईल.

तुझी वाट बघणारा, तुझाच
ठोक्या