भाऊराव मास्तरांचे तीन मार्क

सोनाळा, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. तानास अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

गुडघा नवा बसला, मी जुनाच आहो. फोनवर तुही वहिनी जयमाला मधातच हासते, म्हणून पत्र लिहून राह्यलो. तू लोणारात आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढं ढकलून राह्यली, तं तुले खरं सांगणं भाग आहे.

ऑपरेशन दुखलंच नाही. कंबरेत सुई दिली अन् पाय कोण्या दुसऱ्याचे झाले. नंतरच्या दुखण्यासाठी मांडीत बारीक नळी ठेवली होती. तिच्यातलं औषध कमी-जास्त करता येते. फक्त मंजुश्री सिस्टरले सांगा लागते, दुखणं दहापैकी किती.

इथं माही मास्तरकी आडवी आली. मी म्हटलं, तीन. ताना, जीव चालला होता, पण उभ्या नोकरीत मी कोणाले सहाच्या वर मार्क दिले नाही, तं या गुडघ्याले काऊन देऊ? तीन आयकून ती औषध वाढवे ना, अन् मी दात-ओठ आवळून भिताडाकडे तोंड करून पडलो.

शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईनं माह्या कपाळावरचा घाम पाह्यला. तवा जयमाला म्हणाली, "बाई, याहिचे तीन म्हणजे लोकाहिचे नऊ." औषध वाढवलं, घटकाभरात मी माणसात आलो. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चाललोही.

मायचा मोडला पाय बसवताना चौघांनी तिले दाबून धरलं होतं, ते तुह्या डोळ्यासमोरून जात नाही, मले मालूम आहे. माह्याही जात नाही. पण आता तसं नाही. तारीख घे. अन् इचारलं की खरं सांगजो, कंजूस एकटा मी पुरे.

तुहा भाऊ,
भाऊराव

लोणार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस सप्रेम जयभीम वि. वि.

तुहं पत्र वाचून हासली, मग रडली, मग तारीख घेतली. माहाही गुडघा झाला. सिस्टरनं इचारलं तं बेधडक आठ सांगितले. औषध वाढलं, दुखणं दोनावर आलं. तू शाळेत मले निबंधाचे चारच दिले होते, त्याचं उट्टं निघालं.

घरी सोडताना डॉक्टरांनी इचारलं, आधी किती दुखत होतं. मी म्हटलं, नऊ. ते म्हणाले, मग इतके वर्षं सांगितलं काऊन नाही?

मी म्हटलं, "कोणी इचारलंच नाही."

आता फोनवर 'बरी आहे ना' म्हणू नको, भाऊ. त्याले हो म्हणाचीच आदत आहे मले. किती, ते इचारजो. अन् हे पत्र ठेवलं की आधी वहिनीले इचारजो. तीबी कंबर धरून उठते.

लोभ आहेच, इचारत राहाजो.

तुही ताना