मोज्यातला बल्ब

बाबा, तुमचा कटर अजून चालतो. हे आधी सांगतो, कारण मंगळवारी दुपारपर्यंत मी तो भंगारात द्यायला निघालो होतो. परळची आपली चाळ आता पाडणार आहेत, लाइट कापलीये, आणि तुम्ही बांधलेल्या माळ्याच्या सागाच्या फळ्या मला त्याआधी काढून न्यायच्या होत्या. भाड्याने जनरेटर आणला, गेटपाशी ठेवला, वायर तिसऱ्या मजल्यावर ओढली. बटण दाबलं की कटर नुसता घुं करायचा, लाकडात घातला की बसायचाच. मध्येच एका फळीमागे पेन्सिलीने लिहिलेली माझी उंची सापडली, त्यात अर्धा तास गेला. मग मोटरचे कार्बन बघितले, ठीक होते. खालच्या सुताराचं नवंकोरं मशीन मागून आणलं, तेही तसंच कण्हलं. म्हणजे दुखणं मशीनचं नव्हतंच. तेव्हा तुमचा बल्ब आठवला.

शंभर वॅटचा, होल्डर आणि पिनसकट, तुमच्या जुन्या मोज्यात. हंपीपासून मनालीपर्यंत माझ्या सॅकमध्ये फिरलाय तो, का ते मलाही माहीत नाही. "आधी बल्ब बघ, मगे मशीन उघड," तुम्ही म्हणायचात. जनरेटरपाशी लावला तर लख्ख. वर वायरच्या टोकाला लावला आणि शेजारी कटर चालू केला, तर कावीळ झाल्यासारखा पिवळा. वीज वाटेतच संपत होती. बारीक वायर, त्यात तीन जोड, उरलेली तशीच वेटोळ्यात पडलेली, हात लावला तर गरम. जाड, बिनजोड वायर आणली आणि कटर असा सुटला की वॉचमन वर बघायला आला.

मी मात्र खाली बसलो. तशी गरम वायर मी आधी एकदा हातात धरली होती. लालबागचा तो मांडव. मी बारावी सोडून बसलेलो, मंडळाचं ड्रिल तुम्ही दुरुस्त करून दिलेलं. मी वर परांचीवर आहे, तुम्ही खाली, जनरेटर गल्लीच्या टोकाला, आणि मधली वायर मी रोषणाईच्या उरलेल्या तुकड्यांची जोडलेली. ड्रिल अडखळायला लागतं. तुम्ही खालून विचारता, "बल्ब कसो पेटता?" मी वरून सांगतो, "लख्ख." तुम्ही माझ्या शब्दावर ते ड्रिल तीनदा उघडलंत, कार्बन बदललेत. शेवटी मंडळाचे एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "राहू दे आता, हात राहिला नाय तुमचा." तुम्ही हसलात आणि आवरायला घेतलंत. त्यानंतर कुणाचं मशीन हातात घेतलं नाहीत. आई म्हणायची, नजर अधू झाली. मीही लोकांना तेच सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोजा माझ्या पिशवीत होता. मला वाटलं, काम सोडलंत म्हणून मला दिलात. आता तेवढंच वाटत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही. हा कागदही मोज्यातच ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार?

त्या दिवशी बल्ब मी लावलाच नव्हता, बाबा. खाली उतरायचा कंटाळा केला. मोजा खाली, मांडवाच्या मागच्या बांबूला टांगलेला होता. आवरताना तो तुम्हीच काढला असणार, तुम्ही मारलेल्या, न सुटलेल्या गाठीसकट.