मले ताप नाही

अकोला, ९ ऑगस्ट २००५

तीर्थरूप मायले गजेंद्रचा अकोल्याहून दंडवत. सीमे, मायले सावकाश वाचून दाखव.

मी बरा आहो. दालमिलचं काम चालू आहे. खोलीच्या बाजूलेच नबीभाईची बेकरी आहे. पाच वाजता मिल सुटली का मी तिथं जाऊन उभा राहतो. भट्टीतून पाव निघाला का तो पेपरात गुंडाळून देते. हाताले चटके बसतात, तरी खोलीवर येईपर्यंत अर्धा संपते. चहाबी लागत नाही.

माय, तू म्हनशीन, पोरगं आजारी पडलं. मले ताप नाही. आपल्या घरी कोनाले ताप आल्याशिवाय डबलरोटी येत नाही, हे मी नबीभाईले सांगतलं. तो म्हने, “मंग तुमच्या गावाले मले दवाखान्याजवळच दुकान टाका लागीन.” इकडं धडधाकट मानसं रोज खातात.

वावरातल्या पऱ्हाटीचं, कापसाचं निंदन झालं काय? बाबाले म्हना, फवारनीच्या वेळी तोंडाले दुपट्टा बांधत जा. ते आयकत नाहीत, मले मालूम आहे.

सीमे, तुह्या पत्रात सगळे मजेत आहेत म्हून लिहिलं. त्याच्याच खाली लिहिलं, दोन हप्त्यांपासून तू नांदगावच्या बाजारातून डबलरोटी आनून राहिली. कोनासाठी, ते काहून नाही लिहिलं?

मी रविवारी येतो. नबीभाईचा पाव आनतो. सगळ्यांनी खा लागते, एकट्यानं नाही.

तुहा,
गजू