ग्रहणाचा धडा

१६ ऑगस्ट १९३३, बुधवार

आज वाचनालयातल्या प्रौढ बायकांच्या वर्गात ग्रहणाचा धडा घेतला. चिटणीस आमचेच हे. म्हणाले, "तू मॅट्रिक आहेस, तूच समजावून सांग. मी उभा राहिलो तर एक बाई तोंड उघडायची नाही." समई म्हणजे सूर्य, नारळ पृथ्वी, सुपारी चंद्र. सावली पाडून दाखवली. राहूचं नाव न घेता सगळं सांगून झालं.

मिरकरवाड्याची राही मासळी विकून येते, मागे बसते. तिला सातवा महिना. तिनं विचारलं, "मग बाईनू, पोटुशीनं गिराणात कापलं-चिरलं तर पोराचा ओठ तुटत नाय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला चौथा आहे हे साऱ्यांना ठाऊक. म्हटलं, "नाही तुटत."

"सोमवारच्या गिराणात तुमी काय करणार?"

"रोजची कामं." बोलून गेले.

नारळ घरी आणला, संध्याकाळच्या आमटीत घातला.

१९ ऑगस्ट

जपाला बसले तरी राहीची कोयती डोळ्यांपुढे येते. माझं मागचं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा ग्रहण नव्हतं, काही नव्हतं. तरी गेलं.

२१ ऑगस्ट, सोमवार. अमावास्या

आत बसले.

सासूबाईंनी सकाळीच माजघराची खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, "वर्गात तर मी सांगितलंय—" त्या म्हणाल्या, "तिथं सांगायचं ते तिथं. इथं माझं नातवंड आहे." खरं लिहायचं तर त्या काही बोलल्या नसत्या तरी मी बसलेच असते. पाटावर, पाय सरळ, हातात माळ. पदराची टाचणीसुद्धा काढून ठेवली. हे मैदानात काजळी धरलेल्या काचा घेऊन लोकांना ग्रहण दाखवत होते. आभाळ भरलेलं. मधेच लांबून ओरडा यायचा — दिसलं, दिसलं. दर वेळी माझा हात पोटावर.

ग्रहण सुटल्यावर न्हाले. राहीनं काय केलं असेल?

२३ ऑगस्ट, बुधवार

राही हसतच आली. "बाईनू, पाटीभर मासळी कापली. सासू बोंबलत व्हती. म्हटलं, आमच्या बाई शिकलेल्या हायत, त्या पण कामाला लागल्या असतील." मग हळूच म्हणाली, "तुमी काय चिरलंत?"

"भोपळा."

भोपळा! किती पटकन आलं तोंडातून.

२६ ऑगस्ट

गणपतीला दोन जुड्या दूर्वा वाहिल्या. पहिली राहीच्या मुलासाठी, दुसरी माझ्या. क्रम मुद्दाम तसा ठेवला.

२९ ऑक्टोबर, रविवार

राहीला मुलगा झाला. सुईण गंगुबाई सांगायला आली. विचारायचा धीर होईना. शेवटी म्हटलं, "ओठ?"

"ओठाला काय झालंय? आईला सोडत नाही क्षणभर."

देवघरात जाऊन रडले. डोळे पुसते तोच मनात आलं — तिचं टळलं, ते आता कुठे जाईल?

१ फेब्रुवारी १९३४, गुरुवार

मुलगी. वरचा ओठ नाकापर्यंत चिरलेला.

९ फेब्रुवारी

कापसाच्या बोळ्यानं दूध पाजते. अर्धं नाकातून येतं. हे म्हणतात, मुंबईला असे ओठ शिवतात, जरा बाळसं धरू दे, नेऊ. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढं सगळं पाळून असं? वर्गात बोललीस तेच भोवलं."

२ मार्च

गंगुबाईकडून कळलं, बायका म्हणतात, बाईंनी ग्रहणात भोपळा चिरला म्हणून असं झालं. वर्गाला पंचवीसांतल्या सहा येतात. सहांत राही आहे. बाकीच्यांनी आपल्या सुनांनाही काढून घेतलं. "दोन वर्षांचं काम गेलं," एवढंच हे म्हणाले. मला बोल लावला नाही.

खरं सांगितलं तर धडा खरा ठरतो. राहीनं कापलं, तिचा मुलगा धड. मी हात न हलवता बसले, माझी मुलगी अशी. याहून सरळ पुरावा कुठला? पण तो द्यायला मीच उभं राहायला हवं. ग्रहणाला भीत होते त्याहून जास्त भीती वाटते.

१५ मार्च

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बायकांना निरोप धाडतो. एकदाच या म्हणून."

२१ मार्च, बुधवार

मुलीला घेऊन वर्गात गेले. तेरा जणी आल्या होत्या. सांगितलं — भोपळा चिरलाच नव्हता. खिडकी लावून आत बसले होते, सगळं पाळलं होतं.

राही मुलाला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाईनू, गिराणात तुमचं पोर आत, नि माझं भायेर."