चार लिटर जास्त

शनिवार, ३ फेब्रुवारी

सकाळी साडेनऊला हाजी मुतलकांचा ट्रक आमच्या गॅरेजच्या फाटकातून आत आला आणि माझं सगळं तिथंच बदललं. साडेनऊ! घड्याळ बघून ठेवलंय.

हाजी मुतलक म्हणजे शुरूकचे वडील. शुरूक — करकच्या कॉलेजच्या बसमध्ये दोन वर्षं माझ्या दोन बाकं पुढे. दोन वर्षांत मिळून अकरा वाक्यं बोललो असू. मग मी प्राध्यापकाच्या अंगावर वही फेकली, कॉलेज सुटलं, वाक्यंही सुटली. गेल्या उन्हाळ्यात आईनं हळूच तिच्या घरी विषय काढून पाहिला होता. हाजींचं उत्तर आलं — "आधी एखादं काम पुरं करून दाखव म्हणावं." एवढंच. अजून टोचतंय.

तर ट्रक. अठ्ठावीस वर्षांचा, सहा सिलिंडरचा. हाजी उतरतानाच बोलायला लागले, "अबू गालिब, हा ऑइल पितोय हो! चार महिने झाले. दोनशे किलोमीटरला लिटर. मी अकब्याच्या बंदरावर फॉस्फेट न्यायला जातो की याला पाजायला, तेच कळेनासं झालंय."

पुढच्या शनिवारपर्यंत बरा झाला तर ठीक, नाहीतर भंगारात देणार. मग बिऱ्हाड उचलून झर्काला, भावाच्या गोदामावर. "ट्रकशिवाय इथं मआनमध्ये राहून मी करू काय? वारा मोजू?"

झर्का! इथून तीन तास!

मी ओरडलोच, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात! इंजिनाचं हेड उतरवतो, आत्ताच्या आत्ता!" पाना हातात होताच. मुअल्लिमांनी — गॅरेजचे मालक अबू गालिब, त्यांना इथं सगळे मुअल्लिमच, म्हणजे उस्ताद, म्हणतात — तो शांतपणे काढून घेतला.

"इंजिन तुझ्याशी बोललं वाटतं? माझ्याशी तर अजून काही बोललं नाही. चहा ओत आधी."

रागानं ओतला. निम्मा खाली सांडला.

रविवार, ४ फेब्रुवारी

दिवसभर मोजमाप. थंड इंजिन चालू केलं — निळा धूर नाही. चढावर ताण देऊन पाहिलं — नाही. ऑइल जळत असतं तर धूर दिसलाच असता. मग खाली झोपून सगळे जोड पुसून काढले, तासभर इंजिन चालवलं, पुन्हा बघितले — गळती नाही. ब्रेकच्या हवेच्या टाकीचा नळ उघडला. हवेच्या पंपातून ऑइल जात असेल तर तिथं साचतं. नुसतं पाणी! शेवटी एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घेतलं. सहाच्या सहा सारखे, तरण्याताठ्या घोड्यासारखे.

रिंगा ठणठणीत. कालचा माझा पाना आठवला आणि कान गरम झाले. मुअल्लिम नसते तर मी धडधाकट इंजिन फाडून ठेवलं असतं! मुअल्लिम फक्त म्हणाले, "आज चहा नीट ओतलास."

सोमवार, ५ फेब्रुवारी

ब्रीदर ओला आहे — इंजिनाच्या श्वासाची नळी. तिच्या टोकाखालचा चासीचा भागही चिकट. म्हणजे ऑइल जळत नाही, बाहेर फेकलं जातंय. का? माहीत नाही. झोप नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सापडलं!! आणि सापडलं नसतं तर बरं, असंही वाटतंय.

मुअल्लिम म्हणाले, सगळं ऑइल काढ, पण डब्यांनी मोजून. हाजींनी आज सकाळीच येऊन, ऑइल मोजायची पट्टी बघून खुणेपर्यंत भरलेलं होतं. या इंजिनात चौदा लिटर मावतं. मी मोजत गेलो. बारा, तेरा, चौदा — थांबेना! अठरा लिटर निघालं. ज्याला आम्ही उपाशी समजत होतो त्याचं पोट टम्म फुगलेलं! जास्तीचं ऑइल ते ब्रीदरातून ओकत होतं. ओकून झालं की पट्टीवर कमी दिसायचं, हाजी पुन्हा भरायचे, ते पुन्हा ओकायचं. चार महिने हाच खेळ.

खोटं बोलत होती ती मोजायची पट्टी. दोन बोटं आखूड, म्हणून पुरेसं ऑइलही कमी दाखवायची. दुसऱ्याच कुठल्या इंजिनाची.

हाजी खदाखदा हसले, मग चिडले. "कोण गाढव आहे तो, ज्यानं ही घातली? हात झडो त्याचा!"

मी पट्टी पुसत होतो. मुठीशी कानशीचे ओरखडे होते. माझ्या कानशीचे.

ऑक्टोबर. हाच ट्रक ऑइल बदलायला आला होता. त्याच सकाळी कुणीतरी सांगितलं होतं की शुरूकला अकब्याहून स्थळ आलंय (पुढे ते मोडलं). डोकं फिरलेलं. पट्टी अडकली, मी हिसडा मारला, तुटली. भंगाराच्या पेटीतली दुसरी काढली, घासून नळीत बसवली, कुणाला बोललो नाही. वाटलं, पट्टी ती पट्टी.

तो गाढव मी आहे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मुअल्लिमांनी बरोबर मापाची पट्टी शोधून दिली, चौदा लिटर भरलं, आणि हाजींबरोबर मला अकब्याला पाठवलं. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर. मआनला परतून बघितलं — ऑइल केसभरही उतरलेलं नाही! अल्लाचे उपकार. या म्हाताऱ्या इंजिनाचेही. माझ्या मूर्खपणावर चार महिने धावलं बिचारं.

परतीच्या वाटेत घाटाच्या तोंडाशी हाजींनी ट्रक थांबवून चहा घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अबू गालिब सांगत होता, डबे तू मोजलेस, चूक तू पकडलीस. घरी विचारत होते, कुणी वाचवला ट्रक? मी म्हटलं, मुअतसिमनं." घरी विचारत होते! घरी म्हणजे कोण? मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

मग समोर बघत म्हणाले, "काम पुरं केलंस, पोरा. वडिलांना सांग, शुक्रवारी संध्याकाळी कॉफीला या. चार थोरले बरोबर आणा."

थोरले! म्हणजे मागणी घालायलाच बोलावलं! मी "हो काका" म्हटलं. दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. मआन येईपर्यंत ते ओठावर येत होतं. हाजी गाणं म्हणत होते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आईनं वडिलांचा अबा, तो समारंभाचा झगा, धुऊन वाळत घातलाय. आत्या येणार, मामा येणार. सगळे माझा पापा घेताहेत.

दुपारी मुअल्लिमांपुढे जाऊन उभा राहिलो. "ती पट्टी मी—"

"माहीत आहे." ते फिल्टर घट्ट करत होते. मान वर केली नाही. "त्या पेटीतली एकेक पट्टी ओळखतो मी. शनिवारी बॉनेट उघडलं तेव्हाच दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"पट्टी चुकीची होती, म्हणून रिंगा चांगल्याच आहेत असं कुणी सांगितलं? दोन्ही बिघाड असू शकतात. सगळं मोजल्याशिवाय कसं बोलायचं?" मग हात पुसले. "आणि नुसतं सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडला असतास."

भांडलो असतो. खरं आहे.

"हाजींना सांगणार तुम्ही?"

"मी? मी काय मोडलंय?" आणि कानस माझ्या हातात दिली. उद्याचं काम समजावून सांगायला लागले — नेहमीसारखं, नेहमीच्याच आवाजात. हाकललं नाही. आवाज चढवला नाही. कॉलेजात दोन वर्षांत मला जे कुणी दिलं नाही ते या माणसानं एका आठवड्यात दिलं. डोळे भरून आले. धुळीचं निमित्त केलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दुपारची नमाज झाली. संध्याकाळी आमचे थोरले हाजींच्या बैठकीत बसतील, समोर कॉफी येईल, आणि हाजींनी होकार देईपर्यंत कुणी पेल्याला ओठ लावणार नाही. तो होकार त्यांनी सगळं माहीत असून द्यावा, नाहीतर देऊ नये.

म्हणून आत्ताच हाजींकडे चाललोय, एकटा. काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही. आई विचारतेय, "एवढ्या लवकर कुठं?" सांगितलं, आलोच. चपला घातल्या. बाहेर पडून दार ओढून घेतो.