उन्हाळ्यात पाहायचं घर

९ फेब्रुवारी. वणी.
हे पुन्हा नाही म्हणाले. तोंडात पोह्याचा घास होता, तरी मान हलवायला विसरले नाहीत. "जंगलाच्या काठाले घर कोन घेते? जळून मराचं हाये का?" म्हटलं, मग इथं कोळशाची धूळ खाऊन मरायचं आहे का? सकाळी खिडकी पुसावी, दुपारी बोट फिरवलं की बोट काळं.
डोंगरगावचं घर डोळ्यांपुढून हलत नाही. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, पुढे ओसरी, मागे मोठं आवार. आवार संपलं की जंगल. ते जंगल हेच ह्यांचं दुखणं. मी एसटीत कंडक्टर होते तेव्हा माझी गाडी रोज त्या घरापुढे वळायची. उभी हयात दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी उतरवून दिलं आणि घंटी मारून परत आले. आता मलाही कुठेतरी उतरायचं आहे, एवढंच म्हणणं आहे माझं.

११ फेब्रु.
सुमेधचा पुण्याहून फोन. (पुढे नुसतं सु. लिहीन. हात दुखतो.) बापाने कान भरलेलेच होते. मोबाइलवर नकाशा पाठवला. गेल्या उन्हाळ्यात वरून, उपग्रहातून, जिथे जिथे आग दिसली तिथे लाल ठिपका. झरीकडचा, डोंगरगावाकडचा सगळा भाग गोवर निघालेल्या पोरासारखा. "आई, पाह्य नं, घराच्या मांगंच दोन ठिपके हायेत." पाहिले. म्हटलं, मग घर अजून उभं कसं? "लक होतं." कोणाचं रे, घराचं? चिडून फोन ठेवला त्याने. आधी मी ठेवणार होते.
ठिपके मात्र झोपेपर्यंत दिसत राहिले. हे इथेच लिहिते. ह्यांना सांगणार नाही.

१३ फेब्रु.
तोड निघाली. पावसाळ्यात कोणतंही घर चांगलंच दिसतं, तेव्हा पाहून घेणारा फसतो. घर पाहायचं तर उन्हाळ्यात, जेव्हा ते आपलं सगळ्यात वाईट तोंड दाखवतं. घरमालक विठ्ठलराव इथे वणीतच राहतात, त्यांना भेटले. शिवरात्र झाली की राहायला जायचं, पाऊस लागेपर्यंत राहायचं. तेवढा उन्हाळा घराने काढला आणि आम्ही काढला, तर खरेदी. मालक हसले. "बाई, आजवर कोनी असं घर पाह्यलं नाई." हे चटकन हो म्हणाले, तेव्हाच ओळखलं. "आठ दिवसांत तूच पयून येशीन." पाहू.

१ मार्च. डोंगरगाव.
आलो. सामान लावून झालं नाही तोच भांडण. मागच्या भिंतीला टेकून पऱ्हाटीचा ढीग, छपरापर्यंत. सगळ्या गावात तसंच आहे. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटायच्या आणि चुलीसाठी घराला टेकवून ठेवायच्या. म्हटलं, हे आधी हलवा. हे कुरकुरले, पण हलवल्या. आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोकळ्या जागी.
मागच्या पोडावरून, म्हणजे रानातल्या वस्तीवरून, जंगुबाई पाहायला आली. कोलामाची बाई, माझ्याच वयाची, दंडावर गोंदण. गाडीत ओळख झालेली. तिकिटावरून माझ्याशी भांडायची. "इंधन कोनी इतकं दूर ठेवते का वं? पान्यात भिजन नं." मी म्हटलं, भिजलेलं वाळतं, जळलेलं परत येत नाही. "कंडक्टरच हायेस अजून," म्हणाली आणि बसली. चहा घेतला.

६ मार्च
सागाची पानं पडून राहिली आहेत. पापडासारखी. रानात कुत्रं चाललं तरी ऐकू येतं. कवेलूंवर अडकतात, म्हणून शिडी लावून रोज छप्पर झाडते. लोक थांबून बघतात. बघू द्या.
आज मागचं सगळं फिरून पाहिलं. खोटं कशाला लिहू. जंगल खात्याने जाळरेषा काढली आहे, जाळून केलेला रुंद काळा पट्टा, पण ती नाल्यापाशी संपते. नाल्यापासून आमच्या आवारापर्यंत काहीच नाही, नुसता पाला. आग त्या बाजूने आली तर सरळ आमच्याकडे येणार. बंब वणीहून. रस्ता एकच. सु. म्हणतो त्यातलं निम्मं खरं आहे. हे बरं झालं की तो इथे वाचायला नाही.

९ मार्च
संध्याकाळी पलीकडच्या टेकडीवर धूर, मग लाल रेघ. दूर होती. तरी भीती वाटली, चांगलीच वाटली. ह्यांनी दाराच्या खिळ्याला पिशवी टांगून ठेवली आहे. पेन्शनचे कागद, बीपीच्या गोळ्या, बाबासाहेबांचा फोटो. गावातले चारदोन जण हिरव्या फांद्या घेऊन टेकडीकडे गेले. इथे उन्हाळाभर आगीची पाळी असते, रोज एका घरातल्या माणसाने टेकडीवर बसायचं, धूर दिसला की हाक द्यायची. मी म्हटलं, आम्हालाही पाळी द्या. "तुमी पाव्हने, बसा."
पाहुणे म्हणे. राग आला.

१३ मार्च
जंगुबाईशी वाजलं. आमच्या आवाराला लागून तिची तीन मोहाची झाडं. फुलं पडायच्या आधी खालचा पाला पेटवून देतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळं फूल चटकन दिसतं. वेचायला सोपं. बाई पहाटेच काडी घेऊन हजर. मी आडवी गेले.
"जंगुबाई, इथं नाही पेटवायचं."
"मंग फूल का तुह्या चष्म्यातून पाहू?"
"आग सुटली तर?"
"माह्या सासूनं जायलं, तिच्या सासूनं जायलं. तुले आलं किती दिस झाले वं?"
मी जागची हलले नाही. ती शिव्या देत गेली, कोलामीत दिल्या, बरं झालं.

१६ मार्च
जुन्या सुती साड्या आणल्या होत्या, गोधड्या शिवायला. त्या सगळ्या मोहाखाली अंथरल्या, पाला झाडून, कडेला दगड ठेवून. सकाळी फुलं साड्यांवर. चारी टोकं धरून गोळा केली की झालं, वाकायचं कामच नाही. जंगुबाई कमरेवर हात ठेवून किती वेळ पाहत होती. "लग्नाची हाये का यातली एखांदी?" म्हटलं, ती निळी. हसली शेवटी. मूठभर फुलं माझ्या ओच्यात टाकून गेली. मोहाचा वास डोक्यात चढतो.
ह्यांनी जेवताना विचारलं, "मंग घ्याचंच हाये का हे?" सूर पहिल्यासारखा नव्हता. मी भाजी वाढली.

२२ मार्च
आजचं आजच लिहिते.
मुकुटबनच्या बाजाराला गेले होते. परत येताना गाडीच्या खिडकीतून धूर दिसला, आमच्या घराच्या बाजूला. ड्रायव्हरला ओरडून गाडी पळवायला लावली. उतरले आणि धावले. या वयात. पायात चप्पल होती की नव्हती, आठवत नाही.
आग ह्यांनी लावली.
नाल्यापासूनचा तो पाला ह्यांच्याही डोळ्यांत सलत होता. मी नाही असं पाहून घराभोवती आपली आपण जाळरेषा काढायला गेले. एकटे. एक बादली पाणी घेऊन. चहापाणी उरकून, ऊन चढल्यावर. जाळरेषा काढायची ती पहाटे, दव असताना, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि पाला ह्यांच्या हातातून गेला. तीन मोह, जंगुबाईच्या बकऱ्यांचा कूड, माझ्या साड्या. बकऱ्या पोरींनी सोडल्या म्हणून वाचल्या. बायामाणसं पळसाच्या फांद्यांनी झोडपत होती. मीही झोडपलं. विझली.
घराला धग नाही. पऱ्हाटी दूर होती, छप्पर झाडलेलं होतं. त्याचा आनंद झाला आणि तिथल्या तिथे आनंदाची लाज वाटली.
जंगलाला भिऊन ज्याने पिशवी टांगली, त्यानेच.

२३ मार्च
वनरक्षक आला. आग कोणी लावली विचारलं. सगळं गाव नाल्याकडे बघू लागलं. ह्यांनीच हात वर केला, "मी लावली साहेब. चूक झाली." जन्मभर शाळेत कारकुनी केली, हेडमास्तरपुढे कधी मोठ्याने बोलले नाहीत. काल इतका राग होता, आज तो टिकेना. जबाब लिहून नेला आहे. पुढे काय होईल, तो म्हणाला, साहेब ठरवतील.
हे जेवले नाहीत. "चाल वापस. कोन्या तोंडानं राहाचं इथं?"

२४ मार्च
सु.चा फोन. ह्यांनी सांगितलं असणार. "आई, आता तरी आयक. मी सांगतच होतो, ती जागाच डेंजर हाये." म्हटलं, जागेने काय केलं रे? जागा तिथेच आहे. काडी तुझ्या बापाची. तुझ्या नकाशावर यंदा आमच्या मागे एक लाल ठिपका येईल, त्याला जंगल म्हणू नकोस.
मग हळूच, "बाबा कसे हायेत?" रडू आलं. त्याला कळू दिलं नाही.

२५ मार्च
जंगुबाईकडे गेले. हे घरातच. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, तिच्या दारात सगळं विसरले. म्हटलं, फुलाचं नुकसान भरून देते. तिने सुपातलं निवडणं थांबवलं नाही.
"झाडाचं काय भरून देशीन? यंदाचं फूल गेलं. पुढल्या साली येते का नाई, झाडाले ठाव."
कूड आम्ही बांधून देऊ, म्हटलं.
"तो तं देशीनच."
मग मी सांगितलं, हे परत चल म्हणतात. तेव्हा मान वर केली.
"आग लावून पाव्हना जाते. गावचा मानूस इझवून राह्यते. तुमी कोन आहा ते सांगा पह्यले."
उठले आणि आले. घरी आल्यावर ह्यांना शब्द न् शब्द तसाच सांगितला. ह्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, एवढंच.

२७ मार्च
कूड बांधतो आहोत. ह्यांच्या हाताला फोड. जंगुबाई बाजेवर बसून चुका काढते. "हे काय शाळेतलं कपाट हाये का? ढिलं बांधलं." हे मुकाट सोडून पुन्हा बांधतात. पाणी मात्र तिनेच आणून दिलं.

२ एप्रिल
विठ्ठलरावांचा फोन. दुसरं गिऱ्हाईक आलं आहे, चंद्रपूरचं. त्याने घर फोटोत पाहिलं, पावसाळ्यातल्या. हो की नाही ते लवकर कळवा म्हणाले. म्हटलं, ठरलं होतं पाऊस लागेपर्यंत. "बाई, आता आगच लागली नं, आनखी काय पाह्याचं राह्यलं?"
राहिलंय, म्हटलं. काय राहिलंय ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पण कोणाच्या घाईने हो म्हणायचं नाही आणि कोणाच्या भीतीने नाही म्हणायचं नाही, एवढं पक्कं.

८ एप्रिल
आज गावातले पाळी वाटायला बसले होते. मी गेले, बोलावलं नव्हतं तरी. म्हटलं, आम्हाला पाळी द्या, नाहीतर मी रोजच जाऊन बसते टेकडीवर, मग कोणाला काय करायचं ते करा. एकदोघे कुजबुजले. म्हातारे पोलीस पाटील म्हणाले, "ज्यानं लावली त्याले राखाले बसवाचं?" जंगुबाई मागून बोलली, "त्यालेच बसवाचं. त्याले आता ठाव हाये वारा कधी सुटते ते."
कोणी हसलं नाही. पण दिली. १६ तारीख. नाव ह्यांचं लिहिलं, माझं नाही. मी भांडले नाही, पहिल्यांदाच.

९ एप्रिल
ह्यांना सांगितलं. तारीख दोनदा विचारून घेतली. मग, "मी घराले नाई म्हनत होतो." 'होतो' म्हणाले, आता काय म्हणतात ते माझं मी ओळखायचं.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी घरात मेणबत्ती लावली, वंदना घेतली. मग हे वणीला गेले. तिथल्या मिरवणुकीत दर वर्षी असतात, आणि गोळ्याही संपल्या आहेत. दोन्ही खरं. खिळ्यावरची पिशवी बरोबर नेली. फोटो मात्र काढून ओसरीवर ठेवून गेले. हे विसरले की मुद्दाम, विचारावं असं वाटलं नाही. गाडीत बसवून दिलं. उद्या येतो म्हणाले, किंवा परवा.

१५ एप्रिल
संध्याकाळची गाडी आली. सहा माणसं उतरली. हे नव्हते. कंडक्टर मुलगी ओळखीची, माझ्याकडे पाहून तिने घंटी मारायला उशीर केला. तिला म्हटलं, चल, निघ, वेळ झाली.
फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला नाही. विठ्ठलरावांचा मात्र आला, तो मी उचलला नाही.
पळसाच्या दोन फांद्या तोडून पाण्यात उभ्या करून ठेवल्या आहेत. भाकरी बांधून ठेवली, दोघांची. सकाळची पहिली गाडी साडेसातला वळते. पाळी उजाडताच सुरू होते, ती गाडीची वाट पाहत नाही. तेव्हा उजाडताच मी टेकडीवर बसेन, ह्यांच्या नावावर. तिथून गाडी वळताना स्पष्ट दिसते. कोण उतरतं तेही.