डाव्या बाजूचा आरसा

नारायण पेठ, पुणे
२ जानेवारी २०२६

चि. सौ. नीरजा हीस दिगूदादाचे आशीर्वाद. (मागितले नव्हतेस, घरात शिल्लक होते.)

नारायण पेठेतून कोथरूडला पत्र धाडायची मला हौस नाही. पण अण्णांचा नियम तुला ठाऊक आहे : भांडण असेल तोवर तोंड बंद, सांगायचे ते लिहून. आवाज चढत नाही आणि शुद्धलेखन सुधारते. आपला अबोला अण्णांच्या तेराव्यापासून, म्हणजे तीन वर्षे चालू आहे. दोघांचेही शुद्धलेखन आता पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे झाले असेल.

मुद्द्याचे लिहितो. आठ फेब्रुवारीला जुन्या गाड्यांची फेरी आहे, अण्णांची फियाट नेणार आहे. आरसेसुद्धा मूळचेच हवेत असा तिथला नियम. मडगार्डांवरच्या दोन गोल आरशांपैकी उजवा माझ्याकडे आहे. डावा तू तेराव्याला, पंगतीत जिलब्या फिरत असताना, स्क्रू काढून पर्समध्ये घालून नेलास. जुन्या बाजारातून एक जोडीदार आणला, तो स्कूटरचा निघाला. तेव्हा डावा परत कर.

लोभ आहेच, वाढवायची घाई नाही.
दिगूदादा

कोथरूड
७ जानेवारी

ती. दादास नीरजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आरसा सुखरूप आहे. न्हाणीघरात खिळ्याला लावलाय. हनुवटीवरचा केस शोधायला इतका खरं बोलणारा आरसा मला दुसरा मिळाला नाही.

आणि मी चोरी केली नाही, वाटणी केली. अण्णांनी मला त्या गाडीवर शिकवलं. शेवटची अकरा वर्षं ते माझ्या डावीकडे बसले आणि मी त्यांना बँकेत, दवाखान्यात, मंडईत नेलं. तू तेव्हा बडोद्याला. दिवाळीत यायचास, हॉर्न वाजवून बघायचास आणि जायचास. तेराव्याला किल्ली उचललीस ती थेट खिशात. नीरजा, तुला हवी का, एवढंसुद्धा विचारलं नाहीस. मला गाडी नको होती रे, तो प्रश्न हवा होता.

बाकी, तुझं अक्षर असं कधीपासून झालं? तुझ्या ओळी एकमेकींच्या खांद्यावर चढल्यात. डोळे दाखवलेस का?

तुझा लोभ तुझ्याकडेच ठेव, मला जागा नाही.
नीरजा

नारायण पेठ
१२ जानेवारी

चि. सौ. नीरजा हीस अ. आ.

डोळे ठणठणीत आहेत. पेन वाईट आहे.

तुझी वाटणी तूर्त बाजूला ठेवून आरशाबद्दल लिहितो. उजवा काळवंडला होता, तो मी चिंच आणि रांगोळी घेऊन समईसारखा घासला. होती नव्हती ती चकाकीही गेली. आपला गॅरेजवाला रामदास बघत राहिला आणि काका, गाडीला नैवेद्यही दाखवता का, असे त्याने विचारले. आता त्यावर नवा मुलामा चढतोय, काचेमागचा पाराही नव्याने होईल. फक्त डावा अडला आहे. हट्ट सोड.

लोभाचे पुढे बघू.
दिगूदादा

कोथरूड
१९ जानेवारी

ती. दादास नीरजाचा नमस्कार.

दीपमाला वहिनी तिळगूळ घेऊन आली होती. गोड बोलली आणि सगळं सांगून गेली. पेन चांगलं आहे. तुझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे, आणि तरी फेरीत तूच चालवणार आहेस. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांची तुळस कुंडीसकट पाडलीस, तेही गाडी बाहेर काढताना!

दादा, मला भीती वाटते. अण्णा गेले, आता माहेर म्हणून तूच आहेस, भांडायला का होईना. आठ तारखेला तू चाकामागे बसलास तर मी गाडीपुढे उभी राहीन. तशी मी तुला दिसणार नाहीच.

आरसा वहिनीबरोबर दिलाय. त्याची मान आखडली आहे. ती सरळ करू नकोस. आहे तसाच बसव आणि अण्णांच्या जागेवर बसून बघ.

काळजी आहे, लोभ म्हणायचं तर म्हण.
नीरजा

नारायण पेठ
२७ जानेवारी

चि. नीरजास खूप आशीर्वाद.

दोन्ही आरसे बसले. डावा बघून रामदासचे म्हणणे पडले की हा बिघडलेला आहे, चालवणाऱ्याला यात रस्ता दिसतच नाही, ठोकून सरळ करतो. मी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि डाव्या सीटवर जाऊन बसलो.

सगळा रस्ता दिसला. मागची रिक्षा, तिच्यामागची बस, फुटपाथवरून चाललेला दुचाकीवाला. एका डोळ्याने दिसले, पण दिसले. तू शिकत होतीस तेव्हा अण्णांनी तो आरसा स्वतःसाठी वळवला आणि अकरा वर्षे परत फिरवला नाही. गाडी कोणाची हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते. मी मात्र तेराव्याला किल्ली खिशात घातली. माझे चुकले. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहितो आहे. शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हता.

किल्ली सोबत आहे. नीरजा, तुला हवी का? तीन वर्षे उशिरा विचारतोय.

हवी असेल तर आठ तारखेला सकाळी साडेसहाला ये. चालवायचे तू. मी डावीकडे बसून मागचे सांगेन. मात्र ते लिहून देत बसलो तर बस अंगावर येईल. तेव्हा अबोल्याचे काय करायचे ते येताना ठरवून ये.

लोभ होताच. थोडा वाढला आहे, सांभाळून घे.
तुझा दादा